अमेरिकेतल्या वसाहतींच्या आणि क्रांतीच्या काळातले झेंडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टनजवळ राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन मी इथल्या जुन्या गावांतून आणि टेकड्यांवरून हिंडते. रविवारच्या मराठी शाळेतली मुलंही जुलै जवळ आला की दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. झेंड्यावर साप का? झाड का? इंग्रजांचं निशाण अमेरिकेच्या झेंड्यात कसं काय? ही सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं आहे. काठीला लागून असलेल्या वरच्या चौकोनाला मी इथे नुसतं ‘कोपरा’ म्हटलं आहे. या झेंड्यांची बरीचशी गोष्ट त्या कोपऱ्यातच घडते.

बंडाआधी वसाहतींचा झेंडा कोणता होता?

इंग्रजांचाच. मुख्यतः लाल एन्साइन, म्हणजे पूर्ण लाल कापड आणि कोपऱ्यात युनियनचं चिन्ह. इंग्लंडचा सरळ लाल क्रॉस आणि स्कॉटलंडची पांढरी फुली एकत्र करून १६०६ मध्ये युनियनचं निशाण झालं. १७०७ मध्ये दोन्ही राज्यं एक झाल्यावर ते लाल एन्साइनच्या कोपऱ्यात आलं. बंदरात, जहाजांवर, किल्ल्यांवर लोकांना हेच दिसायचं, आणि बहुतेकांना ते आपलंच वाटायचं.

झेंड्यावरून भांडणं मात्र फार आधीपासून होती. १६३४ मध्ये सेलम गावात जॉन एंडिकॉट यांनी निशाणावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस कापून काढला. क्रॉस हे पोपचं चिन्ह, कट्टर प्युरिटन माणसाला, म्हणजे पोपच्या साऱ्या खुणा नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या माणसाला, ते खपेना. लंडनला कळलं तर काय होईल या धास्तीने वसाहतीच्या सभेने त्यांना वर्षभर पदावर राहायला मनाई केली. पुढे न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्येकडच्या वसाहतींत, क्रॉस नसलेली निशाणं दिसू लागली आणि नंतर कोपऱ्यात पाइनचं झाड आलं. क्रांतीच्या दीडशे वर्षं आधीच इथली माणसं राजाच्या निशाणाला कात्री लावत होती. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो.

मग क्रांतीचा पहिला झेंडा कोणता?

एकाच झेंड्याकडे बोट दाखवता येणार नाही. १७६५ मध्ये स्टँप अ‍ॅक्टविरुद्ध, म्हणजे कागदपत्रांवर लादलेल्या इंग्रजांच्या कराविरुद्ध, बॉस्टनमध्ये लोक एका जुन्या एल्मच्या झाडाखाली जमू लागले. त्या झाडाला ‘लिबर्टी ट्री’ म्हणायचे, आणि सभा आहे हे कळावं म्हणून तिथे निशाण चढवायचे. १७७५ मध्ये राजाच्या बाजूच्या लोकांनी ते झाड तोडलं.

पण मला विचाराल तर मी टॉन्टनचं नाव घेईन. ऑक्टोबर १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टन गावात लोकांनी चौकातल्या उंच काठीवर एक निशाण चढवलं. निशाण राजाचंच होतं, लाल एन्साइन, कोपऱ्यात युनियन. फक्त लाल कापडावर मोठ्या अक्षरांत ‘लिबर्टी अँड युनियन’ असं लिहिलेलं होतं. राजाला सोडून जायची भाषा अजून कोणी करत नव्हतं. इंग्रज म्हणून आमचे जे हक्क आहेत ते आम्हाला द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते त्यांनी राजाच्याच निशाणावर लिहिलं. टॉन्टन शहर आजही हाच झेंडा लावतं.

बेडफर्डचा झेंडा खरंच लढाईत होता का?

१९ एप्रिल १७७५ ला, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, काँकर्डच्या पुलावर बेडफर्डच्या नॅथॅनिएल पेज यांनी हा झेंडा नेला, असं त्यांच्या घराण्यात सांगत आले. त्या दिवसाचा लेखी पुरावा नाही. झेंडा मात्र खरोखर जुना आहे, क्रांतीच्याही आधीचा, आणि तो बेडफर्डच्या सार्वजनिक वाचनालयात जपून ठेवलेला आहे.

तो प्रत्यक्ष पाहा. मोठ्या पटांगणावर फडकणाऱ्या झेंड्याची कल्पना मनात धरून लोक येतात आणि समोर सव्वादोन फुटांचं जवळपास चौकोनी कापड बघून थबकतात. किरमिजी रंगाचं, अंगचीच वेलबुट्टी असलेलं रेशीम आहे. आपल्याकडच्या जुन्या पैठणीचा रंग आतून उतरतो तसं ते आता दिसतं. मध्ये रंगवलेला ढग, ढगातून बाहेर आलेला चिलखती हात, हातात आखूड तलवार आणि लॅटिनमध्ये ‘जिंक किंवा मर’ ही अक्षरं. आजूबाजूला तोफेचे तीन गोळे काढले आहेत. दिवे मंद असतात, त्यामुळे डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, आणि मग रंगाच्या कुंचल्याचे फराटे एकेक करून दिसू लागतात. कडेची चंदेरी झालर आज नाही. घरातल्या एका मुलीने ती नाचाच्या पोशाखाला लावण्यासाठी काढून घेतली, अशी आठवण त्या गावात सांगतात.

झेंड्यावर पाइनचं झाड का?

कारण ते झाड म्हणजे पैसा होता, सत्ता होती आणि भांडणाचं मूळही होतं. न्यू इंग्लंडचा पांढरा पाइन सरळसोट आणि प्रचंड उंच वाढतो. राजाच्या आरमारातल्या मोठ्या जहाजांना एकसंध डोलकाठ्या लागायच्या आणि तेवढी झाडं इंग्लंडमध्ये उरली नव्हती. म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या १६९१ च्या सनदेत चोवीस इंचांहून जास्त व्यासाची झाडं राजासाठी राखून ठेवली गेली. राजाची माणसं जंगलात येऊन बुंध्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालायची, बाणाच्या टोकाची खूण. खूण पडली की झाड राजाचं, मग ते तुमच्या शेताच्या बांधावर का असेना.

लोकांचा संताप साहजिक होता. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या वेअर गावात शेरीफ आणि त्याचा मदतनीस दंड वसूल करायला आले. रात्री तोंडाला काजळी फासून गावकरी त्यांच्या मुक्कामी शिरले आणि जप्त केलेल्या एकेका ओंडक्याचा हिशेब छडीच्या फटक्याने चुकता केला. घोड्यांचे कान, आयाळ आणि शेपट्या कापून दोघांना पहाटे गावाबाहेर हाकललं. बॉस्टनमध्ये चहा समुद्रात पडायला अजून दीड वर्ष होतं.

ऑक्टोबर १७७५ मध्ये अमेरिकन सैन्याचे सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांचे सचिव जोसेफ रीड यांनी लष्कराच्या ताब्यातल्या जहाजांसाठी निशाण सुचवलं, ते असं: पांढरं कापड, मध्ये झाड, आणि ‘अपील टू हेवन’ ही अक्षरं. शब्दांचं मूळ इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्या लेखनात आहे. पृथ्वीवर दाद मागायला न्यायाधीशच उरला नाही, तर माणसाला वर देवाकडे दाद मागण्याचा हक्क आहे, असा तो विचार. तेव्हाच्या माणसाला त्याचा अर्थ लगेच कळायचा: आता शस्त्र उचलतोय. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या आरमारानेही हेच निशाण घेतलं.

बंकर हिलचा निळा झेंडा खरा आहे का?

दुकानात मिळतो तो निळा असतो. जॉन ट्रंबुल यांनी बंकर हिलच्या लढाईचं जे प्रसिद्ध चित्र काढलं त्यातला पाइनचा झेंडा लाल आहे. लढाई १७ जून १७७५ ची, चित्र १७८६ चं. तरी ट्रंबुल त्या युद्धात स्वतः सैन्यात होते. मी लाल रंगाच्या बाजूने आहे.

पिवळ्या झेंड्यावरचा साप कुठून आला?

या सापाची सुरुवात वर्तमानपत्रातल्या एका चित्रापासून होते. मे १७५४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्यांच्या ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये आठ तुकडे केलेला साप छापला. प्रत्येक तुकड्यावर वसाहतीची आद्याक्षरं, खाली ‘जोडले जा, नाहीतर मरा’. तेव्हा वैरी फ्रेंच होते आणि इंग्रज आपले होते. वीस वर्षांत तेच चित्र इंग्रजांविरुद्ध वापरलं जाऊ लागलं.

हा रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीच्या टोकाला खुळखुळा असलेला साप, फक्त अमेरिका खंडांत सापडतो. डिसेंबर १७७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात टोपणनावाने पत्र छापून आलं. ते फ्रँकलिन यांचंच असावं असं मानतात. नव्या दर्यावर्दी शिपायांच्या ढोलावर हा साप रंगवलेला पाहून लिहिणारा विचार करत बसतो. याला पापण्या नाहीत, म्हणजे हा सदा जागा. हा आपण होऊन कोणाच्या वाटेला जात नाही, पण एकदा उठला की माघार घेत नाही. आधी खुळखुळा वाजवून सावध करतो. त्या खुळखुळ्याला तेरा कड्या आहेत, एकेक कडी वेगळी वाजत नाही, सगळ्या मिळून वाजल्या की धडकी भरते. वसाहतीही तेराच होत्या.

साउथ कॅरोलायनाचे क्रिस्टोफर गॅड्सडेन यांनी हा साप पिवळ्या झेंड्यावर आणला आणि नव्या आरमाराचे प्रमुख एसेक हॉपकिन्स यांच्या जहाजासाठी दिला. फेब्रुवारी १७७६ मध्ये त्यांनी तसाच झेंडा आपल्या प्रांताच्या सभेलाही भेट दिला, आणि सभेच्या कामकाजात त्याचं वर्णन नोंदलेलं आहे. खालची अक्षरं ‘डोन्ट ट्रेड ऑन मी’. मराठी मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. सापाच्या शेपटीवर पाय देऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

याच गॅड्सडेन यांनी चार्ल्स्टनला जो मोठा धक्का बांधला, तिथे आफ्रिकेतून धरून आणलेल्या हजारो माणसांना उतरवून विकलं गेलं. त्या जागेवर २०२३ मध्ये आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय उघडलं आहे. झेंड्यावर स्वातंत्र्याचे शब्द लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या घरात माणसं गुलाम म्हणून ठेवली होती. मी हे मुलांना दरवर्षी सांगते, आणि ते सांगितल्याशिवाय पिवळ्या झेंड्याची गोष्ट पुरी झाली असं मला वाटत नाही.

पट्ट्यांवरचा लांबट साप, तो आरमाराचा झेंडा आहे ना?

तेरा पट्ट्यांवरून सरपटणारा साप पहिल्या आरमाराचा म्हणून ओळखला जातो आणि अमेरिकन नौदलाने २००२ ते २०१९ आपल्या जहाजांवर तो लावला. क्रांतिकाळात असा झेंडा होता याचा पक्का पुरावा नाही. आजचं रूप एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकी चित्रावरून आलेलं आहे.

पट्टे अमेरिकेचे आणि कोपरा इंग्रजांचा, असा झेंडा कसा?

हा कॉन्टिनेंटल कलर्स, आज ‘ग्रँड युनियन’ म्हणून ओळखला जाणारा. हे दुसरं नाव एकोणिसाव्या शतकात पडलं. तेरा लाल-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात युनियन. डिसेंबर १७७५ मध्ये फिलाडेल्फियाला ‘अल्फ्रेड’ जहाजावर तो चढला. चढवणारे लेफ्टनंट जॉन पॉल जोन्स. कापड शिवणाऱ्या बाईंचं नावही कागदोपत्री आहे, मार्गारेट मॅनी, टोप्या आणि पोशाखांचं काम करणाऱ्या. शाळेतल्या पुस्तकांत हे नाव यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हाच झेंडा १ जानेवारी १७७६ ला वॉशिंग्टन यांच्या सैन्याने बॉस्टनसमोरच्या प्रॉस्पेक्ट हिलवर चढवला अशी परंपरा आहे. वॉशिंग्टन यांनी ४ जानेवारीच्या पत्रात लिहिलं की आम्ही ‘युनियन फ्लॅग’ चढवला आणि बॉस्टनमधले इंग्रज समजले की आम्ही शरण आलो. राजाच्या भाषणाच्या प्रती त्याच सुमारास पोचल्या होत्या, ते वाचूनच अमेरिकन नमले असं इंग्रजांना वाटलं, म्हणून हा गैरसमज. काही अभ्यासक म्हणतात की ‘युनियन फ्लॅग’ म्हणजे साधं इंग्रजांचंच निशाण असावं, पट्ट्यांचं नव्हे. वाद अजून मिटलेला नाही.

सॉमरव्हिलमध्ये आजही दर १ जानेवारीला त्या टेकडीवर हा झेंडा चढवतात. मी मुलांना घेऊन जाते. वॉशिंग्टनच्या वेशातला माणूस घोड्यावरून येतो, आणि टेकडीवरचा वारा असा असतो की हातमोज्यातली बोटं बधिर होतात. दोर ओढला की जड कापड आधी लोंबतं आणि मग एकदम फाटल्यासारखा आवाज करून पसरतं. कोपऱ्यातलं इंग्रजांचं निशाण बघून दरवर्षी कोणीतरी पाहुणा माझ्याकडे वळून बघतो.

उत्तर साधं आहे. जानेवारी १७७६ मध्ये अमेरिका अजून स्वतंत्र झालेली नव्हती. लढाई सुरू होऊन आठ महिने झाले होते, तरी बरीच माणसं स्वतःला राजाचीच प्रजा मानत होती. राग पार्लमेंटवर होता. हा बदल फिलाडेल्फियाच्या घोडदळाच्या एका रेशमी निशाणात डोळ्यांनी दिसतो. १७७५ च्या त्या निशाणाच्या कोपऱ्यात आधी युनियन रंगवलेलं होतं, मग त्यावर तेरा निळे-रुपेरी पट्टे चढवले. रंगाखाली जुनी युनियन आजही ओळखू येते.

१६ नोव्हेंबर १७७६ ला ‘अँड्र्यू डोरिया’ हे जहाज हेच निशाण लावून कॅरिबियनमधल्या डचांच्या सेंट युस्टेशियस बेटावर गेलं आणि तिथल्या किल्ल्याने तोफांची सलामी दिली. परक्या सत्तेने या झेंड्याला दिलेला तो पहिला मान म्हणून सांगतात.

हा झेंडा ईस्ट इंडिया कंपनीच्या निशाणावरून घेतला का?

मराठी माणसाने विचारायलाच हवा असा प्रश्न. कंपनीचं निशाण म्हणजे लाल-पांढरे आडवे पट्टे, कोपऱ्यात १७०७ पर्यंत सेंट जॉर्जचा क्रॉस आणि नंतर युनियन. पट्ट्यांची संख्या ठरलेली नव्हती, कधी नऊ, कधी तेरा, कधी पंधरा. तेरा पट्ट्यांचं निशाण आणि कॉन्टिनेंटल कलर्स शेजारी ठेवले तर वेगळे ओळखता येणार नाहीत. १९३७ मध्ये सर चार्ल्स फॉसेट यांनी अमेरिकन झेंड्याचं मूळ इथेच आहे असं मांडलं.

साम्य खरं आहे, पण त्यावरून घेतल्याचा त्या काळातला एकही कागद पुढे आलेला नाही. कंपनीचं पट्ट्यांचं निशाण मुख्यतः पूर्वेकडच्या समुद्रात चालायचं, इंग्लंडच्या आसपास तिच्या जहाजांना लाल एन्साइन लावावं लागे. बॉस्टनमध्ये डिसेंबर १७७३ मध्ये ज्या तीन जहाजांवरून ३४२ पेट्या चहा पाण्यात गेला, तो चहा कंपनीचा होता, जहाजं मात्र खासगी मालकांची होती. अमेरिकेतल्या सामान्य माणसाने कंपनीचं निशाण पाहिलं असण्याचा संभव कमीच. लाल एन्साइनवर सहा पांढऱ्या पट्ट्या शिवल्या की तेरा पट्टे आपोआप तयार होतात, आणि मला हेच उत्तर जास्त पटतं.

आपल्या किनाऱ्यावर मात्र हे निशाण चांगलंच ओळखीचं होतं, कारण कंपनीचं आरमार, बॉम्बे मरीन, ते लावून फिरायचं. आता तारखा बघा. टॉन्टनला निशाण चढलं ऑक्टोबर १७७४ मध्ये. डिसेंबर १७७४ मध्ये कंपनीने मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध जवळपास अमेरिकेच्या युद्धाबरोबरच चाललं, सालबाईचा तह १७८२ चा. अमेरिकेच्या सैनिकांना पट्ट्यांचं निशाण आपलं वाटत होतं, त्याच वर्षांत आपल्या पूर्वजांना साधारण तसंच निशाण शत्रूचं म्हणून दिसत होतं.

पहिला तारे-पट्ट्यांचा झेंडा बेट्सी रॉस यांनी शिवला ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर देताना मी जपून बोलते, कारण बेट्सी रॉस ही खरी, कष्टाळू आणि थोर बाई होती. गोष्ट अशी सांगतात की १७७६ मध्ये वॉशिंग्टन, रॉबर्ट मॉरिस आणि जॉर्ज रॉस तिच्या दुकानात आले. कागदावर सहा टोकांचे तारे होते. पाच टोकांचा तारा सोपा, असं म्हणून तिने कागदाची घडी घालून कात्रीच्या एका फटक्यात तो कापून दाखवला. ही गोष्ट पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली तिचे नातू विल्यम कॅनबी यांनी, १८७० मध्ये, घरातल्या आठवणींवरून. आजी वारली तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. तिघांच्या त्या भेटीची त्या काळातली नोंद सापडलेली नाही.

सापडतं ते एवढं: २९ मे १७७७ ला पेन्सिल्व्हेनियाच्या नौदल मंडळाने तिला जहाजांच्या निशाणांचे १४ पौंड १२ शिलिंग २ पेन्स दिले. ती गाद्यागिरद्या, पडदे, खोळी शिवणारी कारागीर होती. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या घरातली मुलगी, परधर्मीयाशी लग्न केलं म्हणून पंथाने बाहेर काढलेली, दोन नवरे युद्धाच्या काळात गमावलेली. तिने पुढे कितीतरी वर्षं झेंडे शिवले. मला वाटतं, पहिल्या झेंड्याच्या दंतकथेत ही खरी बाई झाकली गेली.

आराखड्याचा लेखी दावा त्या काळात एकाच माणसाने केला: न्यू जर्सीचे फ्रान्सिस हॉपकिन्सन, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे. १७८० मध्ये त्यांनी सरकारला कळवलं की झेंडा आणि इतर चिन्हांच्या आराखड्याबद्दल सरकारी मद्याचं एक छोटं पिंप मिळावं. ते मिळालं नाही. या कामात इतरांचाही हात होता आणि तुम्ही पगारी माणूस आहात, असं त्यांना सांगितलं गेलं.

एका फटक्यात तारा मात्र खरोखर कापता येतो. आमच्या शाळेत मुलं करतात. कागद अर्धा दुमडायचा, मग पंख्यासारख्या पाच घड्या, म्हणजे दहा पदरांची निमुळती फाळ होते. तिरपी कात्री चालवायची आणि उलगडायचं. घडी जराशी सरकली की तारा लंगडा येतो. मग लेकरं पुन्हा नवा कागद मागतात.

तारे गोलातच होते का?

ठरावात तसं काही नाही. १४ जून १७७७ चा काँग्रेसचा, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेचा, ठराव एका वाक्याचा आहे: तेरा लाल-पांढरे पट्टे, आणि निळ्यावर तेरा पांढरे तारे, ‘एक नवा तारकासमूह’. मांडणी कशी, टोकं किती, याबद्दल अवाक्षर नाही. गोलही असत, ओळीही असत. चार्ल्स विल्सन पील यांनी १७७९ मध्ये काढलेल्या वॉशिंग्टनच्या चित्रात तारे गोलात आहेत. वॉशिंग्टन यांच्या मुख्यालयाचं म्हणून जपलेलं निळं रेशमी निशाण आहे, त्यावर तेरा तारे ओळींत, आणि सहा टोकांचे.

मग सगळे झेंडे वेगवेगळे दिसत होते?

हो, आणि मला तेच फार आवडतं. ऑगस्ट १७७७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या फोर्ट स्टॅनविक्स या किल्ल्याला वेढा पडला होता आणि किल्ल्यात झेंडा नव्हता. किल्ल्यातले अधिकारी मारिनस विलेट यांनी लिहून ठेवलंय की पांढरे पट्टे सैनिकांच्या सदऱ्यांतून कापले, निळं कापड शत्रूकडून मिळालेल्या झग्यातून आणि लाल तुकडे ज्याच्याकडे जे होतं त्यातून. झगा कॅप्टन स्वार्टवाउट यांच्याकडचा होता. पुढच्या वर्षी त्यांनी झेंड्यासाठी गेलेल्या निळ्या झग्याबद्दल आठ यार्ड कापड मागितलं, ते पत्र उपलब्ध आहे.

समुद्रावर आणखी निराळं. सप्टेंबर १७७९ मध्ये जोन्स यांचं जहाज लढाईत बुडालं, तर ते जिंकलेल्या ‘सेरापिस’वरून डचांच्या टेक्सेल बंदरात गेले. इंग्रज म्हणाले, हा चाचा आहे, याचं निशाण कुठल्या देशाचं? डचांनी निशाणाचं चित्र काढून नोंद करून घेतली. त्यात लाल, पांढरे आणि निळेही पट्टे आहेत, तारे आठ टोकांचे. ही चूक नव्हती. वर्षभर आधी फ्रँकलिन आणि अ‍ॅडम्स यांनीही नेपल्सच्या राजदूताला पट्टे लाल, पांढरे आणि निळे असेच कळवले होते.

पायदळाच्या पलटणींची निशाणं तर पूर्णपणे आपापली असत, रेशमावर हाताने रंगवलेली.

चंद्रकोरीचा निळा झेंडा?

साउथ कॅरोलायनाचा, कर्नल मोल्ट्री यांचा. निळा रंग सैनिकांच्या गणवेशाचा, रुपेरी कोर त्यांच्या टोप्यांवरची. २८ जून १७७६ ला इंग्रज आरमाराने चार्ल्स्टनच्या तोंडावरच्या किल्ल्यावर दिवसभर तोफा डागल्या. किल्ला पाल्मेटो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या ओंडक्यांचा होता. लाकूड मऊ, त्यामुळे गोळे फुटण्याऐवजी त्यात रुतून बसले. झेंड्याची काठी तुटून झेंडा तटाबाहेर पडला तेव्हा सार्जंट जॅस्पर खाली उतरले, झेंडा आणला आणि तोफ पुसायच्या काठीला बांधून पुन्हा उभा केला. पाल्मेटोचं झाड राज्याच्या झेंड्यावर १८६१ मध्ये आलं.

‘७६’ आकडा असलेला बेनिंग्टनचा झेंडा क्रांतीतला आहे का?

नाही. कापड यंत्रावर कातलेल्या सुताचं आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं. दिसायला फार देखणा आहे, सात टोकांचे तारे आणि कमान. व्हरमाँटच्या बेनिंग्टन संग्रहालयात जरूर पाहा.

लढाईत शत्रूच्या हाती पडलेल्या झेंड्यांचं काय व्हायचं?

ते विजयाची निशाणी म्हणून जायचे. इंग्रज अधिकारी बॅनास्टर टार्लटन यांनी १७७९ आणि १७८० मध्ये चार अमेरिकन निशाणं घेतली. ती त्यांच्या घराण्यात सव्वादोनशे वर्षं राहिली आणि १४ जून २००६ ला न्यूयॉर्कमध्ये लिलावात सुमारे १ कोटी ७४ लाख डॉलरना विकली गेली.

झेंड्याचा मान म्हणजे काय हे यॉर्कटाउनला दिसतं. मे १७८० मध्ये चार्ल्स्टन पडलं तेव्हा इंग्रजांनी अमेरिकन सैन्याला झेंडे फडकवत बाहेर पडू दिलं नाही. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आले, तेव्हा अमेरिकनांनी अट घातली: झेंडे गुंडाळून खोळीत घालूनच बाहेर या. चार्ल्स्टनचा अपमान ते विसरले नव्हते.

भारताशी संबंध असलेलं एखादं अमेरिकन जहाज त्या युद्धात होतं का?

होतं. पेन्सिल्व्हेनियाने १७८२ मध्ये सज्ज केलेल्या जहाजाचं नाव ‘हैदर अली’. म्हैसूरचे हैदर अली तिकडे इंग्रजांशी लढत होते, त्यांच्या मानार्थ. एप्रिल १७८२ मध्ये डेलावेअरच्या खाडीत जोशुआ बार्नी यांनी या जहाजाने ‘जनरल मंक’ हे जास्त ताकदीचं इंग्रज जहाज जिंकलं. फिलाडेल्फियाला गेलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी हे सांगतेच.

आज असा झेंडा घराबाहेर लावला तर चालेल का?

कायद्याची आडकाठी नाही. पण पिवळा साप आणि पाइनचं झाड आज राजकीय गटांच्या हातातही दिसतात. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये संसदेवर चालून गेलेल्या जमावात दोन्ही होते. शेजाऱ्याला तुमच्या झेंड्यात इतिहास दिसेल की आजचं राजकारण, हे तुमच्या हातात नसतं. मी स्वतः ४ जुलैला टॉन्टनचा झेंडा लावते. तो काय आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला मला आवडतं.

जुना म्हणून विकायला आलेला झेंडा कसा तपासायचा?

आधी कोपरा बघा. युनियनमध्ये बारीक तिरपी लाल फुली असेल तर ती आयर्लंडची, १८०१ नंतरची. क्रांतीतल्या झेंड्यावर ती असूच शकत नाही. बाजारातल्या नव्या नकलांमध्येही ही चूक सर्रास असते. मग काठीकडची बाजू. पितळी कड्या ठोकलेल्या असतील तर झेंडा पुढच्या काळातला. आधी तिथे जाड कापडाची पट्टी आणि आत दोर, किंवा हाताने गुंफलेली भोकं असत. शेवटी उलट्या बाजूने शिवण बघा. शिवणयंत्र १८५० नंतर घरोघरी आलं. टाके सगळे एका मापाचे, सरळ रेषेत, दोन्ही बाजूंनी सारखे दिसत असतील तर ते यंत्राचे. हाताच्या शिवणीत टाका कुठे दाट, कुठे विरळ पडतो, आणि दोरा संपला तिथे नवी गाठ बोटाला लागते.